तिएर्रा म्हणजे माती

रत्नव्वाच्या मंगळवार पेठेतल्या स्वयंपाकघरात रोज सकाळी भाकरीच्या थापांबरोबर स्पॅनिश चालायचं. मोबाइलवरच्या शिकवणीतला बाप्या एक शब्द सांगायचा आणि थांबायचा. तेवढ्यात आपण तो म्हणायचा. बरोबर आला तर "मुय बिएन", म्हणजे छान. आग्वा म्हणजे पाणी. कासा म्हणजे घर. बोका म्हणजे तोंड. शेजारचं माजलेलं मांजर आठवून यावर ती एकटीच पोट धरून हसली होती.

हा सगळा खटाटोप नातीसाठी. लेकीनं, रक्षितानं, स्पेनमधल्या वालेन्सियाच्या पोराशी लग्न केलं तेव्हा रत्नव्वाचा नवरा महालिंग उंबऱ्यात उभा राहून म्हणाला होता, "जित्ता हाय तवर हिचं नाव माझ्या तोंडातनं निघायचं न्हाय."

नाहीच निघालं. गेल्या माघात तो गेला. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं नेसरीच्या शेतात त्याला बसवून माती दिली. रक्षिता पोचू शकली नाही. फोनवर तिनं एवढंच विचारलं, "शेवटी तरी माझं नाव घेतलं काय, अव्वा?" रत्नव्वाला खोटं बोलायला जमलं नाही. निदान आपण तरी लुसीआशी, त्या चिमुरड्या नातीशी, चार शब्द बोलावेत, एवढंच तिच्या हातात उरलं होतं.

गाडी अडली ती तिएर्रापाशी. तिएर्रा म्हणजे माती. त्यातला र जिभेवर घोळवायचा असतो. तो काही तिला साधेना. फोन आपला "पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा."

एका सकाळी भाकरी तव्यावर टाकायच्या नादात शब्द म्हणायचा राहूनच गेला. नुसती कुकरची शिट्टी झाली. तरी फोन म्हणाला, "मुय बिएन."

"कुकरच्या शिट्टीलाबी पास करतंय की हे," ती शेजारच्या धोंडुबाईला म्हणाली.

"मग तू कशाला घसा फोडतीस? कुकरलाच बसव की अभ्यासाला!"

दुसऱ्या दिवशी तिनं कुकर लावलाच नाही. गॅस बंद केला. पदर तोंडावर घट्ट धरला.

"तिएर्रा," फोन म्हणाला. थांबला.

तिच्या पाठीमागून, महालिंगच्या जेवायच्या पाटाकडून, कुणीतरी तो शब्द म्हटला. त्यातलं घोळवलेलं र्र्र तिच्या ओळखीचं होतं. नांगर वळवताना महालिंग बैलांना असाच आवाज द्यायचा.

"मुय बिएन."

वळून बघितलं तर पाट रिकामा. ओल्या रानाचा वास मात्र जेवणं होईपर्यंत हलला नाही.

पाटापुढं तिनं पाण्याचा तांब्या ठेवला. "आग्वा," हळूच म्हणाली.

रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला.

"ओला, लुसीआ!" रत्नव्वानं शिकल्याप्रमाणं नमस्कार घातला.

लुसीआ तिच्याकडं बघतच नव्हती. आजीच्या खांद्यावरनं मागं बघत होती, कान देऊन. मग खुदकन हसली.

रक्षिता धावत पडद्यात आली. "अव्वा, अप्पांचं जुनं रेकॉर्डिंग लावलंयस काय?"

"न्हाय गं."

"मग मला हाक कोण मारतंय?"

रत्नव्वाला मागं बघायचा धीर झाला नाही.

"ओ दे की त्यास्नी," ती म्हणाली. "किती वर्सांनी मारली हाक."

"अप्पा," रक्षिता म्हणाली. रडू आवरत नव्हतं तिला.

लुसीआनं आईची बाही ओढली. पडद्यात आजीच्या पाठीमागं बोट करून काहीतरी विचारलं.

रक्षिताचं रडं जागच्या जागी थांबलं.

"काय म्हणती गं ती?"

रक्षितानं लेकीचं बोट धरून खाली घेतलं. सांगायची गरजही नव्हती. पोरीच्या त्या वाक्यातले दोन शब्द रत्नव्वाला येत होते.

तिएर्रा, माती. आणि बोका, तोंड.