खरा वार

दुकानातून पडद्याचा दांडा खांद्यावर टाकून ती बाहेर पडली, पर्समधला फोन वाजला म्हणून गर्रकन वळली आणि मागून कुणीतरी किंचाळलं, “आई गं!”

एक उंच, किडकिडीत तरुण कपाळ धरून उभा होता. लख्ख ऊन पडलेलं, तरी काखेत छत्री.

“अरे देवा! हात काढा, बघू. मी डॉक्टर आहे.” तिने त्याचं कपाळ चाचपलं, पापणी वर करून डोळ्यात पाहिलं. डोळा छान होता. जरा जास्तच छान. “काही नाही, टेंगूळ येईल फक्त. चाटू नका म्हणजे झालं.”

“...काय?”

ती लालबुंद झाली. “सॉरी हो. मी जनावरांची डॉक्टर आहे. सवयीने निघून गेलं तोंडातून.”

तो इतका मनापासून हसला की तिलाही हसू आवरेना. त्याच्या पाठीवर एक लांबलचक कापडी पिशवी होती. विषय बदलायचा म्हणून तिने विचारलं, “तुम्हीसुद्धा पडदेच लावताय वाटतं?”

“नाही, हा जो आहे.”

“जो काय आहे?”

“जो काय नाही, नुसता जो. जपानी काठीचं नाव आहे ते. स्वसंरक्षण शिकतो मी.”

तिची नजर हळूच त्याच्या टेंगळाकडे गेली. ती त्याने बरोब्बर पकडली. “क्लासमध्ये सांगून मारतात हो!” तो कळवळून म्हणाला.

हा आवाज कुठेतरी ऐकलाय... दिवसभर तिला आठवेना. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एका बोक्याला इंजेक्शन देताना काउंटर सांभाळणाऱ्या आत्याचा रेडिओ बोलू लागला, “आज दुपारनंतर हलक्या सरींची शक्यता...” आणि सिरिंज हातातच राहिली. रोज सकाळी हवामान सांगणारा, आणि बहुतेक वेळा चुकीचं सांगणारा, तोच हा!

“काय गं, एकटीच हसतेस?” काउंटरमागून आत्याने विचारलं.

“पाऊस येणार म्हणे,” ती म्हणाली.

शनिवारी ती त्याच्याकडून पत्ता घेतलेल्या त्या क्लासला गेली. नुसती त्याच्यासाठी नाही हं. काही महिन्यांपूर्वी एका गल्लीत कुणीतरी तिची बॅग हिसकावून पळाला होता. पिसाळलेल्या कुत्र्यांना न घाबरणारी ती नुसती उभी राहिली होती. घशातून आवाजही फुटेना. बॅग गेल्याचं दुःख केव्हाच विरलं, पण ते गप्प उभं राहणं मनात सलत होतं.

शिंप्याच्या दुकानावरचा तो हॉल. लाकडी जमीन, मोठ्या खिडक्या, अनवाणी पावलांचा धपधप आवाज. शिकवणाऱ्या बाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या. जिना चढताना कण्हत, पण काठी हातात आली की एकदम उंच वाटत. त्यांनी तिला त्याच्यासमोर उभं केलं. “हिच्या हातचा मार याच्या सवयीचा आहे म्हणे. जोडी करा.”

म्हणजे त्याने सगळं सांगितलं होतं तर!

त्याने लाकडी तलवार उगारून पुढे यायचं. तिने बाजूला सरकायचं, हात काठीवरून घसरवत नेऊन वार करायचा आणि अंगाला लागायच्या केसभर आधी थांबायचं. सरकणं तिला पटकन जमलं. काठी हातात फिरू लागली तसं अंगात वारं शिरल्यासारखं झालं. रस्त्यातून चालतानाही आता ती मान वर करून चालायची. वार मात्र वीतभर अलीकडेच थबकायचा.

“अहो, लागेल ना तुम्हाला...”

“लागू दे. बरं करायला तुम्ही आहातच.”

“मी फक्त शेपूटवाल्यांना तपासते.”

“थोडा वेळ द्या — फुटेल शेपूट.”

“दात काढू नका, तलवार धरा!” बाई ओरडल्या. मग तिच्याकडे वळल्या. “आणि तू त्याच्यावर दया करू नकोस. तुझा वार खोटा असेल तर त्याचा बचावही खोटाच राहील. मग बाहेर खरी वेळ आली की दोघंही आडवी व्हाल.”

क्लास सुटला की दोघं जिन्यात बसायची. तिच्या तळहातांवर फोड आले होते, त्यांवर तो फुंकर घालत पट्टी लावून द्यायचा. स्वतः डॉक्टर असून तिला पट्टी लावता येत नव्हती थोडीच? पण तो इतका जीव लावून करत होता की... कशाला बोला! एकदा पट्टी लावून झाली तरी त्याने हात सोडला नाही. दोघंही हातांकडे बघत राहिली. तेवढ्यात खाली शिंप्याचं मशीन खडखडलं आणि दोघंही दचकून दूर झाली.

क्लासच्या परीक्षेचा दिवस उजाडला. सकाळी ती एका पोपटाची नखं कापत होती. रेडिओवरची निवेदिका म्हणाली, “आणि बरं का मंडळी, आपले हवामानवाले पुढच्या आठवड्यापासून आपल्याला सोडून मोठ्या शहरात चाललेत...”

पोपटाने तिच्या बोटाचा कडकडून चावा घेतला. तिला कळलंही नाही.

आत्याने रेडिओ बारीक केला. “तुला माहीत होतं?”

“नाही.”

“मग विचार त्याला.”

“मी कशाला विचारू? तो कोण लागतो माझा?”

“तेच विचार म्हणते मी,” आत्या म्हणाली.

संध्याकाळी हॉलमध्ये तो तिला बघून हसला. ती हसली नाही. दोघांनी वाकून नमस्कार केला. बाईंनी टाळी वाजवली. त्याने तलवार उगारली.

“कधी सांगणार होतास?” ती दातओठ खात पुटपुटली.

त्याचे डोळे विस्फारले. इतके दिवस ‘अहो’, आणि आज एकदम...

तो पुढे आला. ती सरकली. पोटातून एक आरोळी उठली आणि हॉलभर घुमली. गल्लीत अडकलेला तो आवाज! काठी थेट तलवारीवर बसली. तलवार हातातून निसटून खडखडत भिंतीपाशी गेली. काठीचं टोक त्याच्या गळ्याशी, केसभर अंतरावर येऊन थांबलं. तसूभरही हललं नाही.

तिला... तिला उडी मारावीशी वाटत होती!

“हं,” बाई म्हणाल्या, “आता कसं!”

जिन्यात तो तिच्या मागोमाग धावत आला. “ऐक ना! आज क्लासनंतर सांगणार होतो. त्या निवेदिकेने आधीच बोंब मारली. परीक्षा होईपर्यंत तुझं लक्ष विचलित नको म्हणून...”

“किती लांब आहे?”

“गाडीने दोन तास. मी विचारणार होतो, की दर शनिवारी मी इकडे आलो... म्हणजे क्लाससाठी असं नाही...”

“मग कशासाठी?”

“म्हणजे... तशी शक्यता आहे की... काही प्रमाणात...”

“हवामान सांगू नकोस! सरळ बोल.”

त्याने खोल श्वास घेतला. “तुझ्यासाठी. प्रेम आहे माझं तुझ्यावर.”

तिच्या ओठांवर शब्द आले, थबकले... छे, आज थबकायचं नव्हतं. “माझंही,” ती म्हणाली, चांगलं मोठ्याने, खाली शिंप्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “आणि दर शनिवारी तूच का यायचं? एका शनिवारी तू ये, एका शनिवारी मी येते.”

“नक्की?”

“जायचंय ना? मग जा बिनधास्त. फक्त पुन्हा असं काही रेडिओवरून कळता कामा नये.”

“दोघंही पास!” वरून बाईंचा आवाज आला. “आता जिना मोकळा करा. माझे गुडघे बोलायला लागलेत.”

दोघं हसत खाली उतरली. रस्त्यावर आल्यावर त्याने तिची काठीही मागून घेतली आणि दोन्ही काठ्या डाव्या खांद्यावर टाकल्या, म्हणजे उजवा हात मोकळा राहील. तिने फोडांसकट आपला हात त्यात दिला.