जागा श्रावणात पाहावी

खळ्ळ्… ट्रंकेची कडी वाजली आणि दुपारची शांतता मोडली. धाकटा आत्ताच कुठे पाळण्यात झोपला होता. मी डोळे वटारून पाहिलं, तर सहा वर्षांची लेक ट्रंकेत कमरेपर्यंत वाकलेली. वर आली ती एक पिवळा पडलेला पेपर आणि एक पांढरा सदरा घेऊनच.

"आई, या सदऱ्याले काय झालं वं?"

सदऱ्याच्या बाहीवर काळी अक्षरं. मला हसूच आलं…

एकोणऐंशी साल असेल. भंडाऱ्यातल्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात मी खिळे जुळवायची — शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ लावायची. वैशाखातली दुपार होती. जाहिरात घेऊन एक नवा माणूस आला आणि शाई लावलेल्या पानावरच ऐटीत कोपर टेकून उभा राहिला.

"ओ भाऊ, कोपर उचला!"

"काहून?"

"काहून म्हणजे? तुमच्या बाहीवर आमचं पहिलं पान छापून राहिलं!"

त्याने बाही पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं… जरा जास्तच वेळ. "कोपर उचलतो. पण भाऊ नका म्हणू."

हा तेजराम. परसरामभाऊंचा माणूस. परसरामभाऊ जिल्ह्यातले पुढारी, आणि प्लॉटही पाडायचे. त्यांचं भाषण आमच्या पहिल्या पानावर, त्यांच्या प्लॉटची जाहिरात शेवटच्या. दर मंगळवारी तेजराम ती घेऊन यायचा आणि मी ओळी लावेपर्यंत उगाच रेंगाळायचा.

"'कारध्याला, वैनगंगेच्या काठी, स्वप्नातलं घर'," मी वाचलं. "कोणाचं स्वप्न?"

"माहं. सात नंबरचा प्लॉट मीच घेतला. खिडकीतून नदी दिसन…"

"दिसन कशाला? घरातच येईल. आमची आनंदाबाई आत्या कारध्याची. त्या जागेत दर श्रावणात पाणी असते."

"तुम्हाले माह्या घराची दृष्ट लागली," तो हसला. पण पुढच्या मंगळवारी त्याने पुन्हा त्या पाण्याचंच विचारलं. त्याच्या पुढच्याही.

श्रावणात आम्ही कारध्याला जागा पाहायला गेलो. छत्री एकच होती, त्याची. माझा डावा खांदा भिजला, त्याचा उजवा… आत्या पुढे चालत होती आणि मुद्दाम मागे पाहत नव्हती. शेतातली पांदणवाट संपली आणि आम्ही थांबलो. प्लॉटच्या हद्दीचे दगड दिसतच नव्हते. होतं ते गढूळ, सुस्त पाणी. काठावरच्या बाभळीत, माझ्या डोक्याच्याही वर, मागच्या सालचा काडीकचरा अडकलेला होता.

"दरसाल असंच, बाप्पा," आत्या म्हणाली.

तेजरामच्या हातातली छत्री तेवढी हळूच माझ्याकडे कलली.

त्याने त्या पाण्याची बातमी लिहिली. केशवरावांनी — आमच्या संपादकांनी — ती दोनदा वाचली, चष्मा काढला. "खरी आहे. पण ही छापली तर परसरामभाऊ जाहिरात काढून घेईल. मंग पुढचा अंक कायच्या भरवशावर काढू? इथं सात घरं जेवतात, तेजराम." बातमी खणात गेली. त्यांचा मला राग आला नाही. त्या सातांत माझंही घर होतं.

तेजराम माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पडलेला चेहरा. मी खिळे लावता लावता म्हटलं, "बातमी केशवराव वाचतात. जाहिरात… मीच वाचते."

छापखान्याचा नियमच होता तो. जाहिरात आली तशी छापायची, एक शब्द बदलायचा नाही.

पुढच्या मंगळवारी नेहमीची जाहिरात आली. खाली एक ओळ जास्त — 'जागा श्रावणात पाहावी. पाणी कुठवर येतं ते कारध्यात कोणालाही विचारावं. — तेजराम, प्लॉट नंबर सात.'

माझे हात थांबले. "नोकरी जाईल."

"माहीत आहे."

"बिननोकरीच्या माणसाला बाबा मुलगी नाही देणार…"

बोलून गेले आणि जीभ चावली. त्याने तर अजून मागितलंही नव्हतं! तो लाजला. खरंच, कानापर्यंत.

"तरी… लावतेस का ओळ?"

मी मोठ्या टाइपात लावली. एकेक खिळा बसत होता आणि एकेका खिळ्यासरशी तो माझ्यापासून लांब जात होता, असं वाटत होतं.

अंक निघाला. दुपारपर्यंत त्याची नोकरी गेली. केशवराव हातात अंक घेऊन माझ्याजवळ आले. "जाहिरातीत होतं हे?"

"हो. आलं तसं छापलं."

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. "मंग नियम मोडला नाही तुवं," म्हणाले आणि चष्मा पुसत आत गेले.

दोन अंक शेवटचं पान कोरं गेलं. तिसऱ्यात जाहिरात परत आली… ती ओळ सोडून. मीच जुळवली.

तेजरामला लाखनीला टायरच्या दुकानात काम मिळालं. एसटी स्टँडवर भेटला तेव्हा तोच सदरा अंगात होता.

"नोकरी गेली, प्लॉट गेला. हा डाग तेवढा राहिला. चालन का?"

"डाग माझ्या पानाचा आहे," मी म्हटलं. "दुसऱ्या कोणाला धुवू देऊ नका."

बाबांना हो म्हणायला एक वर्ष लागलं. तो डाग मी अजून धुतलेला नाही.

"श्रा… व… णात… पा… हावी," लेक बोट ठेवून वाचत होती. "हे बाबानं लिवलं?"

"हो. त्यांनी लिहिलं, मी छापलं."

ती खूश झाली. पेपर नीट घडी घालून ट्रंकेत ठेवला. मग घडीवर हात तसाच ठेवून थांबली.

"पण आपण आजीकडे जातो ना, तेव्हा एसटीतून दिसते. कारध्याले नदीपाशी तर किती घरं आहेत! वाळत घातलेले कपडे आहेत, सायकली आहेत…" तिने मान वर केली. "आई, पेपर कोणीच वाचला नाही का वं?"