शहागंजातली चपलांची रांग

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठेवा, नाही पटली तर सोडून द्या. तुमच्याशी वाद घालायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

भुतं रात्रीच दिसतात, असं कुणी सांगितलं हो तुम्हाला?

हे घडलं भर दुपारी. १९९१ साल, वैशाखातला मंगळवार. ठिकाण शहागंज. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणायचे.

जिच्याबरोबर घडलं ती पुतळाबाई. माझं तिच्याशी नातं काय, ते शेवटी सांगतो.

पुतळाबाईचा नवरा सूर्यभान चिकलठाण्याला कंपनीत होता. माणसं खुलताबादकडची, मेंढरं विकून शहरात आलेली. भाड्याची एक खोली आणि पाच वर्षांची एकुलती एक पोरगी, सरू.

सरूला ताप भरला.

एक दिवस, दोन दिवस... आठ दिवस झाले तरी उतरेना.

जवळच्या डॉक्टरनं तीन इंजेक्शनं टोचली आणि हात वर केले. दुसऱ्यानं दारातच अडवलं.

"तुमचा फॅमिली डॉक्टर कोण?"

"आमचा कुनी नाय, साहेब."

"मग मी कशाला मधे पडू? ज्यानं बिघडवलं त्याच्याकडंच न्या."

त्याच दिवशी घरमालकीण द्वारकाबाई कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "माझ्या घरात लेकरं हायेत. पोरीचं काय बरंवाईट व्हायचं ते गावाकडं होऊ द्या. सांजच्याला खोली मोकळी पाहिजे मला."

पुतळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कडेवरची पोर तव्यासारखी तापलेली. भांडायला वेळ कुठं होता?

सूर्यभान ड्यूटीवर. गावात ना भाऊ ना बंद.

तेव्हा तिला सासूचे शब्द आठवले.

सासू बानाबाई. जिवंत होती तोवर तिचं एकच पालुपद... "डॉक्टर करावा तर शहागंजातला नानासाहेब. त्याच्या हाताला गुण हाय." दम्याची म्हातारी. आठ-पंधरा दिवसाला दवाखान्यात जायचं काढायची, आणि पुतळाबाई वैतागायची. "काय धाड भरलीय? नाटकं नुसती!" शेवटच्या दिवशीही हेच बोलली. "जायचं तर जा एकटी. मला कामं हायेत."

म्हातारी एकटीच गेली. नंबर यायच्या आत बसल्या जागीच गेली.

घरी आणली तेव्हा पायात एकच चप्पल होती.

याला दोन वर्षं झाली होती. त्यानंतर घरातलं कुणी शहागंजात फिरकलं नव्हतं. आज पुतळाबाई निघाली. एका हातात पिशवी, कडेवर सरू.

नानासाहेबांच्या दवाखान्याची एक रीत होती, ती बानाबाईनं शंभर वेळा सांगितलेली. चिठ्ठी नाही, टोकन नाही. आल्याबरोबर एका पायातली चप्पल भिंतीकडेच्या रांगेत ठेवायची आणि खुशाल बाजार करायला जायचं. तुमचा नंबर चप्पल धरणार. तपासून झालं की चप्पल उचलायची. विसरलात, की कंपाउंडर कडूबा ती रांगेच्या शेवटी नेऊन ठेवणार... आणि नंबर आला की तुम्हाला पुन्हा हाक मारणार. कडूबाचा नियम म्हणजे नियम. त्याच्यापुढं डॉक्टरचंही चालायचं नाही.

पुतळाबाई गल्लीत शिरली तेव्हा दोनचा सुमार. एरवी शहागंजात पाय ठेवायला जागा नसते.

त्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

दवाखान्याचं दार सताड उघडं. पुढच्या खोलीत माणूस नाही. आणि भिंतीकडेनं पार आतल्या पडद्यापर्यंत...

चपला.

एकेकच. बायकांच्या, गड्यांच्या. कुणाचा कातडी जोडा, कुणाची टायरची वहाण. वीस-बावीस तरी असतील.

"माय गं," ती पुटपुटली. "एवढ्यांच्या मागं माझी पोर राहील का?"

सरूची मान तिच्या खांद्यावर लुळी पडली होती. डोळे अर्धे उघडे, नुसतं पांढरं दिसत होतं.

पुतळाबाईनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सरळ पडद्यापाशी गेली. सरूच्या पायातली लाल पट्ट्याची चप्पल काढली आणि रांगेतली पहिली चप्पल उचलून मागं सरकवली.

उचलताना हात थबकला.

त्या चपलेचा अंगठा काळ्या लोकरीनं शिवला होता.

आमच्याकडची म्हातारी माणसं अशीच शिवायची. बानाबाईपण. पुतळाबाई त्या अंगठ्याकडं बघत राहिली. पण मनाशी म्हणाली, असंल कुना धनगराची. आणि सरूची चप्पल तिनं सगळ्यांच्या पुढं ठेवली.

तेवढ्यात मागं...

पावलं वाजली.

एक नाही, दोन नाही. पुष्कळ माणसं एकदम उठून उभी राहावीत तशी. तिनं वळून पाहिलं. खोली रिकामीच.

"पुढचा!" आतून खेकसल्यासारखा आवाज आला.

ती पडद्याआड गेली.

आत अंधारं होतं. पंखा बंद. स्पिरिटचा वास, त्यात ओल्या मातीचा. टेबलाशी पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा डॉक्टर मान खाली घालून बसलेला. त्यानं मान वर केली नाही. नुसता हात लांब केला आणि सरूच्या कपाळावर ठेवला.

सरू अशी दचकली, जणू कुणी बर्फ लावला.

"रांग कुणाची मोडलीस?"

"रांगच नव्हती, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर कपाळावरचा हात काढेना.

पडद्यामागं कुजबूज सुरू झाली. "आमी काय येडे म्हून बसलोय?" "काढा तिला भायेर!" "लेकरू बघून सोडायचं का? आमाला कुनी सोडलं?" कुणीतरी पाठीमागून तिचा पदर धरला. ओढला. तिनं पोर छातीशी आवळली, पण मागं बघायची छाती होईना.

भिंतीतल्या औषधाच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. हातात लाल औषधाची बाटली. बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली आणि एक चिठ्ठी.

"घे आन नीघ," खिडकीतला माणूस दात खाऊन बोलला.

पुतळाबाईनं बाटली हिसकावली आणि पळत सुटली. गल्ली, रस्ता, माणसं, उन्हाचा चटका... दम घेतला तो थेट बसमध्ये.

एक डोस पाजला. दिवेलागणीला सरूला दरदरून घाम फुटला. ताप उतरला. आठ दिवसांनी पोर म्हणाली, "माय, भाकर दी."

पुतळाबाई ढसाढसा रडली. पोर उठून बसलेली बघून द्वारकाबाईनंही खोलीचा विषय सोडला.

सूर्यभान ड्यूटीवरून आला तेव्हा सरू चुलीपाशी बसून भाकर खात होती.

"कुनाकडं नेली व्हती?"

"शहागंजात. नानासाहेबांकडं."

सूर्यभानच्या हातातला डबा तसाच राहिला. "येडी का खुळी तू? आई गेली त्याच साली नानासाहेब गेले. पोळ्याच्या आधी. दवाखान्याला कुलूप हाय."

तिनं बाटली पुढं केली. तिला वाचता येत नव्हतं. सूर्यभाननं चिठ्ठी दिव्यापाशी धरली. पेन्सिलीनं लिहिलेलं होतं...

बानाबाई. दमा. दिवसातून तीनदा.

खाली तारीख दोन वर्षांपूर्वीची. आई गेली त्या दिवसाची.

घरात कुणी जेवलं नाही. सरू मात्र खाऊन झोपली. झोपताना म्हणाली, "माय, माझी एक चप्पल कुटं गेली?"

पुतळाबाईच्या तेव्हा ध्यानात आलं. चप्पल उचलायची राहिली होती.

सकाळी दोघं शहागंजात गेली. दाराला गंजलेलं कुलूप, कोळ्यांची जाळी. सूर्यभाननं कुलपावर दगड घातला तसा शेजारचा अत्तरवाला अंगावर धावून आला.

"क्या तोडते जी? डाक्टर साब कू गुजरके दो बरस हो गए! चोर हय क्या तुम लोगां?"

"माझ्या लेकराची चप्पल आत हाय!" पुतळाबाई ओरडली.

"पागल हय क्या? निकलो! पुलिस कू बुलाऊँ क्या?"

बघता बघता माणसं जमली. शिव्या, धक्काबुक्की. सूर्यभानचा सदरा फाटला. त्या गोंधळात पुतळाबाईनं दाराच्या फटीला डोळा लावला.

रांग तिथंच होती.

प्रत्येक चपलेवर बोटभर धूळ. पडद्यापाशी, सगळ्यात पुढं लोकरीनं शिवलेली चप्पल. आणि अगदी शेवटी, दाराजवळ...

लाल पट्ट्याची लहान चप्पल. तिच्यावर धुळीचा कण नव्हता.

पुढं त्या जागी दुकान झालं. दार तोडलं तेव्हा सूर्यभान मुद्दाम हजर राहिला. आत काहीच निघालं नाही, एक चप्पलसुद्धा नाही. पुतळाबाईनं मग तोंड शिवून घेतलं. लेकीला तर चकार शब्द सांगितला नाही.

आता नातं सांगतो. पुतळाबाई माझी सासू. सरू माझी बायको.

मागच्या महिन्यात सरूला ताप आला. तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. मोठे डॉक्टर मला विचारतात, "तुमचे फॅमिली डॉक्टर कोण?" सासूनं तो शब्द ऐकला आणि ती खुर्चीतून उठून गेली.

पाचव्या दिवशी दुपारी दोनला सरू झोपेत बोलायला लागली. आवाज लहान पोरीचा.

"लई गर्दी व्हती... आता सरली."

"कुठं गं?" मी विचारलं.

"माझ्या पुढं एकच हाय. आजी. तिनं बाकीच्यांना म्होरं जाऊ दिलं. कडूबा तिला हाका मारायलाय. शिव्या देतोय. आजी उठंनाच. म्हनती, मला नाय जायाचं... माझ्यामागं माझी नात हाय."

कडूबा कोण, मला माहीत नव्हतं. सरूलाही माहीत असायचं कारण नव्हतं.

सासूला मात्र माहीत होतं. ती भिंतीपाशी मटकन बसली. जिला आयुष्यभर घालूनपाडून बोलली, तिच्यापुढं हात जोडून म्हणायला लागली, "आत्याबाई, उठू नका... चुकले मी. पाया पडते तुमच्या, उठू नका."

पहाटे ताप उतरला. मग तिनं मला हे सगळं सांगितलं.

यात माझं डोकं चालत नाही. एवढंच कळतं की बानाबाई दमेकरी होती, आणि तिचं औषध माझी बायको प्यायली.

आता दुपारचे दीड वाजलेत. सकाळपासून सरूला पुन्हा कणकण आहे. सासू भिंतीपाशी जाऊन बसली आहे, आणि सरूच्या कपाळाला हात लावायची माझी हिंमत होत नाही.