सत्त्याण्णवनंतर शून्य

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी दगडखाणीच्या कचेरीतून 'सुरुंग थांबवा' असा निरोप सुटला. तळाशी तो पोचला नाही. दोन अकराला सुरुंग उडाला आणि खाली राहिलेला एक ड्रिलवाला मेला.

रेडिओलहरींनी सुरुंग अवचित उडू शकतो, म्हणून इथे वायरलेसला बंदी. निरोप प्रकाशाच्या किरणातून जात. कचेरीच्या छतावरून किरण निघे, खाणीकाठच्या मनोऱ्यातली काच तो टिपे, पुढे तारेने खाली. निरोप आला नाही म्हणजे सुरुंग उडवायला हरकत नाही, अशी तिथली रीत.

काच मळकी ठेवली, म्हणून धुळीत किरण तुटला, असा ठपका ठेवून तंत्रज्ञाला अटक झाली. चौथ्या दिवशी त्याचे वडील बाईंकडे आले. ते मनोऱ्याचे रखवालदार. बाई खासगी तपास करत. सोबतीला एक निवृत्त फौजदार असत.

"धूळ भयंकर होती, एवढंच सिद्ध करा," म्हातारा म्हणाला. "पोरगं सुटेल."

फौजदारांना काम हातचा मळ वाटलं. वादळ तर सगळ्यांनी पाहिलं होतं.

मनोऱ्यात खुंटीवर कातडी टोपी होती. धुळीने काचेवर ओरखडे पडतात, म्हणून वादळात ती काचेवर चढवायची. त्या दिवशी आधी किरण तुटला, मग आपण टोपी घातली आणि स्फोट ऐकताच काढली, असं म्हाताऱ्याने सांगितलं.

टोपीचा हुकूम कोणाचा, यावर व्यवस्थापकाने लेखी काही नाही म्हणून हात झटकले. शंभरपैकी तीस प्रकाश पोचला तरी निरोप जातो, हे मात्र त्याने अभिमानाने ऐकवलं.

कोठडीत तंत्रज्ञ एकच वाक्य बोलला. "काच मी पुसली नव्हती, लिहून दिलंय."

"कबुली आली की माझा तपास संपायचा," फौजदार बाहेर येऊन म्हणाले.

"म्हणूनच बढती हुकली तुमची," बाई म्हणाल्या आणि मनोऱ्यातल्या यंत्राची नोंद त्यांच्या हातात दिली. किती प्रकाश पोचला, ते यंत्र दर सेकंदाला टिपत असे.

फौजदारांनी वाचलं. दोन वाजून पाच मिनिटं वीस सेकंद, सत्त्याण्णव. एकवीस, शून्य. पुढे शून्यच. दोन बारा, एकसष्ट.

संध्याकाळी बाईंनी म्हाताऱ्याला समोर बसवलं.

"काच मळकी असती, तर सत्त्याण्णव आलं नसतं. तुमचा मुलगा खोटं बोलतोय. आणि धूळ अशी दार लावल्यासारखी येत नाही, बाबा. ती आकडा थरथरवत, हळूहळू खाते. एका सेकंदात शून्य टोपीच करते."

"लांबून लोट दिसला," म्हातारा म्हणाला. "म्हटलं, किरण तुटणारच आहे, निदान काच तरी वाचेल."

"तुटला नसता. तुम्ही टोपी काढलीत तेव्हा धूळ सगळ्यात दाट होती, वर स्फोटाचीही. तरी एकसष्ट."

फौजदारांनी मनात निरोपाला लागणारे तीस वजा केले आणि मान खाली घातली.

"पोराला ठाऊक आहे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नोंदी रोज तोच वाचायचा."

बाहेर आल्यावर फौजदारांनी विचारलं, अहवाल आजच का देत नाही. सोमवारी न्यायालयात देईन, त्याआधी बापाने आपणहून सांगावं, एवढी मुदत, असं बाई म्हणाल्या.

सुनावणी सोमवारी अकराला आहे. रविवारी संध्याकाळपर्यंत रखवालदाराने जबाब दिलेला नव्हता. दुपारी वादळ आलं, तेव्हा तो मनोऱ्यावर कामावर होता, आणि दोन चाळीसपासून सहा मिनिटं यंत्राने पुन्हा शून्य नोंदवलं आहे.