ओल्या पेटीतली कोरडी माती

"फौजदारबाई, लगेच या. मातीत गडबड आहे."

कंपनीच्या इंजिनिअरचा फोन आला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. चार वाजता निर्णय होता: तेलविहिरींच्या यंत्रांची दुरुस्ती करणारं मोठं यार्ड या गावाच्या माळावर बांधायचं, की चाळीस किलोमीटरवरच्या नाक्यावर. इथे आलं तर गाव तगणार, नाहीतर शाळेसकट उठणार. निम्मं उठलंच होतं म्हणा.

तपासणीच्या खोलीत माळाच्या मातीची पेटी उघडी होती. वरपासून खोलपर्यंतच्या मातीचे क्रमाने दहा खण, दहाही खणांत कोरडा घट्ट मुरूम. जड क्रेनसाठी अगदी हवा तसा. पण पेटीचं लाकूड खालून भिजून फुगलं होतं.

"आत आधी चिखल असावा, कुणीतरी बदलला," इंजिनिअर म्हणाला. "नाहीतर माती खरी आहे आणि संशय येऊन माळ बाद व्हावा म्हणून कुणी पेटीखाली पाणी ओतलंय."

दुसरं खरं ठरू दे, असं बाईंना मनापासून वाटलं. गाव त्यांचंही होतं.

"शेवटच्या खणात गवताची मुळं कशी?"

"तेच कळत नाही. वरची माती आम्ही पहिल्या खणात भरतो."

"काल इथे कोण आलं होतं?"

"जमिनीचा दलाल. आणि पेट्या टेम्पोतून आणणारा तुमचा भाऊ."

बाईंनी आधी दलालाला गाठलं.

"नाक्याची जमीन तुमची?"

"हो. आणि माळाचीही. यार्ड कुठेही होवो, माझी पोळी भाजतेच. मी कशाला पाणी ओतू?"

माणूस बिलंदर, पण बोलणं खोटं नव्हतं.

मग त्या भावाच्या घरी गेल्या. हा धाकटा भाऊ एरवी पाण्याच्या बोअर मारायचा. अंगणात शेवटच्या, कोरड्या बोअरची माती ओळीने मांडलेली होती. दारापाशी खोलातली खडी, पुढे मुरूम, टोकाला गवताच्या मुळांचा ढीग.

"अशी उलटी का रे मांडतोस?"

"गिऱ्हाईक पाण्यासाठी येतं, ताई. त्याला खालची माती आधी दाखवायची. आम्ही सगळे असंच मांडतो." मग घाईने म्हणाला, "तू दलालाला धर ना."

बाई ओट्यावर बसल्या.

साडेतीनला सगळे तपासणीच्या खोलीत जमले.

"पाणी कुणी ओतलं नाही," बाई म्हणाल्या. "नुसतं पाणी ओतणाऱ्याला खणांना हात लावायचं कारण नव्हतं. इथे दहाही खण उलटे भरलेत, खोलातली माती पहिली. कंपनीची माणसं असं भरत नाहीत, दलालाला मातीचा क्रमच ठाऊक नाही. असं भरतो तो बोअरवाला. हाताची सवय. पेट्या वाटेत त्याच्याच ताब्यात होत्या."

भावाने मान खाली घातली.

"बायको पोरांना घेऊन माहेरी गेलीय. काम मिळालं तर येते म्हणाली. मी काय करायचं होतं, ताई? अर्धा तास गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"चिखलावर क्रेन उभी राहिली असती. खाली कामाला कोण असतं रे? तूच ना?"

तो ढसाढसा रडला. इंजिनिअरने कागदावर नाक्याच्या नावापुढे सही केली.

फाटकाबाहेर अख्खं गाव उभं होतं. बाई भावाचा दंड धरून बाहेर आल्या.

"मिळालं का यार्ड?" कुणीतरी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या, आणि भावाला गाडीत बसवायला पुढे निघाल्या. लोक बाजूला झाले. बाईंकडे मात्र कुणीच पाहिलं नाही.