बदकाची मालकीण

बदक आधी पळालं, मग ती.

खेळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या त्या गुळगुळीत वऱ्हांड्यात तिच्या हातातलं खोकं जरा तिरपं काय झालं, वरचं पिवळं लाकडी बदक टुणकन खाली उतरून चाकांवर पळत सुटलं! "अहो, धरा धरा—" करत ती मागे. बदक एका काळ्या बुटावर जाऊन आपटलं आणि त्याचं एक चाक निखळून गरगरत भिंतीपाशी गेलं.

बुटाच्या मालकाने वाकून आधी चाक उचललं, मग बदक, आणि मग... अगदी सावकाश तिच्याकडे पाहिलं.

"एरवी कधी निघत नाही हं चाक!" ती घाईने म्हणाली.

"तपासायलाच आणलंय ना? मग इथेच निघालं ते बरं झालं." तो हसला, आणि त्याच्या डाव्या गालाला खळी पडली.

खळीकडे बघत बसायची ही वेळ नव्हती खरं तर. बाबांच्या खेळण्यांच्या कारखान्याला पहिल्यांदाच समुद्रापलीकडून मागणी आली होती. प्रयोगशाळेचा दाखला मिळाला तर बदकं शुक्रवारच्या बोटीत चढणार. नाही मिळाला, तर बाबा कारखान्याला कुलूप लावून मोकळे होणार. तसं त्यांनी जेवताना सांगूनच टाकलं होतं, आणि नंतर भाजीला नावं ठेवली होती, म्हणजे मनातून किती हलले होते बघा.

खळीवाला तिथला तपासनीस निघाला. त्याने बदक ठरलेल्या उंचीवरून पाडलं, चाकं ओढली, पिळली. एक चाक सुटलं. ते त्याने एका छोट्या नळीत टाकलं. चाक आत गडप!

"नापास."

"अहो, एवढ्याशा नळीवरून?"

"ही नळी म्हणजे लहान मुलाचा घसा समजा." त्याने नळी तिच्या तळहातावर ठेवली. बोटाला बोट लागलं... दोघांनीही ते कळलंच नाही असं दाखवलं. "तिकडच्या सरकारचा नियम आहे, सुटलेला तुकडा गिळता येता कामा नये. पण गिळता येणं म्हणजे नेमकं केवढं? तुम्ही म्हणणार चाक मोठंय, ते म्हणणार लहानंय. भांडण कधी मिटायचं? म्हणून देशोदेशीच्या माणसांनी एकत्र बसून एकच माप ठरवलं. इथली नळी आणि तिथली नळी, सारखीच."

"म्हणजे इथे पास झालं की तिकडे परत पाडापाडी नाही?"

"नाही. बदक बोटीतून उतरलं की सरळ दुकानात."

"मग चाकाचं काय करू ते तरी सांगा ना!"

"ते नाही सांगता येणार." तो कसनुसा झाला. "मीच उपाय सांगायचा आणि मीच तपासायचं, म्हणजे आपल्याच पेपराला आपणच मार्क देण्यासारखं."

"काटेकोर!" ती पुटपुटली. तेव्हापासून तिच्यापुरतं त्याचं नाव तेच पडलं.

घरी बाबा उखडले. "आजवर एका तरी पोराने माझं चाक गिळलंय का?" मग त्यांनी डिंक वाढवला. ती पुन्हा गेली. बदक पुन्हा नापास. पण या खेपेला काटेकोरने यंत्रातला पुचकट चहा आणून दिला, आणि तो संपेपर्यंत दोघं काय बोलत होती कोण जाणे! घरी परतताना ती एकटीच हसत होती, नापास होऊनसुद्धा. वेडीच!

मग मात्र तिने कंबर कसली. नळीचं माप मनात धरून बाबांकडून चाकंच मोठी करून घेतली. बुधवारी खोकं घेऊन ती जवळजवळ पळतच वर आली. काटेकोर दारात उभा होता. त्याने खोक्याला हात लावला नाही.

"हे मी तपासणार नाही. मॅडम तपासतील."

तिने खोकं छातीशी घट्ट धरलं. मॅडम म्हणजे त्याच्या वरच्या साहेब, थेट वाघीण. त्यांच्या हातून पहिल्या फटक्यात काहीच पास होत नाही असं सगळे म्हणायचे. "आत्ता? बोट परवा सुटतेय! मी एवढा वैताग आणला का हो?"

"तसं नाही..." त्याचे कान लालबुंद झाले. "सकाळी मी मॅडमना सांगितलं, की या बदकाच्या बाबतीत मी निष्पक्ष राहिलेलो नाही."

"बदकाच्या?"

"बदकाच्या... मालकिणीच्या."

तिला राग यायला हवा होता, आणि आलाही थोडा. "तुम्ही पास केलं असतंत ना?"

"केलं असतं. चाक डुगडुगलं असतं तरी केलं असतं, अशी भीती वाटायला लागली," तो खाली मान घालून म्हणाला. "आणि मग तिकडे एखाद्या बाळाच्या घशात..."

ती खोकं आत मॅडमकडे देऊन आली. बाकावर बसली. थोडं अंतर ठेवून तोही बसला. आतून धप्प... धप्प... आवाज येत राहिले.

शेवटी मॅडम बाहेर आल्या. हातात बदक, दुसऱ्या हातात चाक.

"निघालं," त्या म्हणाल्या. तिचे डोळे भरून आले. "अगं, रडतेस काय? निघालं, पण नळीत मावत नाही. चाकामागची उघडी पडलेली दांडीही बोथट आहे, टोचणार नाही. पास. दाखला उद्या घेऊन जा." मग काटेकोरकडे वळून, "आणि तू, तोंडात मिठाची गुळणी धरून काय बसलायस?" म्हणत त्या निघूनही गेल्या.

"अभिनंदन," तो हळूच म्हणाला. "तुम्ही मघापासून काहीच बोलला नाहीत... माझ्या त्या—"

"कशी बोलणार? निकालाआधी हो म्हटलं असतं तर लाच झाली असती ना!"

त्याने झटकन मान वर केली.

"आता बोलते, ऐका. मलाही तुम्ही आवडता. पहिल्यांदा नापास केलंत ना, तेव्हाच राग येता येता आवडलात. रविवारी घरी या. बाबा आधी तासभर चाकांवरून भांडतील, मग जेवायला वाढतील. चालेल?"

प्रत्येक गोष्ट तीनदा मोजल्याशिवाय तोंड न उघडणारा काटेकोर, या वेळी ती बोलायची थांबलीही नव्हती तोच म्हणाला, "शनिवारी आलो तर?"