कॅमेरा डाव्या बाजूलाच का?

अनोळखी पुरुषाला गळफास लावण्याचा टाचणीचा मुळीच विचार नव्हता. ती आपली दोऱ्याच्या रिळांची पिशवी घेऊन पुलावरून दुकानाकडे निघाली होती. भुरभुर पाऊस होता, वारा होता, आणि पुलाच्या मधोमध एक उंच माणूस कठड्यावरून अर्धा बाहेर वाकून खालच्या खांबांचे फोटो काढत होता. दुसरी कोणी असती तर तिने आधी माणसाकडे पाहिलं असतं. टाचणीने पट्ट्याकडे पाहिलं. त्याला तिचा इलाज नव्हता. आत्याच्या बॅगांच्या दुकानात लहानाची मोठी झालेली मुलगी ती, तिला माणसं नंतर दिसायची, त्यांचे पट्टे आधी.

आणि हा पट्टा चक्क सुटत होता! फोटो काढून झाला की तो माणूस कॅमेरा गळ्यात सोडून द्यायचा, कॅमेरा कठड्याबाहेर लोंबायचा, आणि दर वेळी पट्ट्याचं टोक बक्कलातून आणखी थोडं बाहेर यायचं.

"अहो!" ती ओरडली. "अहो, तुमचा पट्टा!"

तो ढिम्म हलला नाही. ती पुन्हा ओरडली. आता टोक जेमतेम नखभर आत उरलं होतं. टाचणीने पिशवी टाकली, धावत जाऊन मागून त्याच्या मानेजवळ पट्टा मुठीत धरला आणि जीव खाऊन ओढला. त्याच क्षणी टोक सुटलं. कॅमेरा एका बाजूने नदीवर लोंबकळू लागला आणि त्याचा सगळा भार आला तो त्या बिचाऱ्याच्या गळ्यावर.

"सो... सोडा..." त्याच्या घशातून कसाबसा आवाज आला.

"सोडलं तर नदीत जाईल!"

"कोण, मी?"

"कॅमेरा हो!"

तेव्हा कुठे त्याने खाली पाहिलं. घाईघाईने कॅमेरा वर ओढून छातीशी धरला, मान चोळत तिच्याकडे वळला, आणि दोघंही एकमेकांच्या जरा जास्तच जवळ उभे आहेत हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. टाचणीने पट्टा सोडला. तिचे कान तापले होते, म्हणून ती चिडून बोलली.

"हा कोणी बांधला होता?"

"मीच."

"वाटलंच."

"इतका वाईट आहे?"

"टोक बक्कलातून नुसतं एकदा ओवलंय. कडीतून आणायचं, बक्कलातून काढायचं, मग मागे वळवून परत त्याच बक्कलात पट्ट्याच्या आत घ्यायचं. म्हणजे कॅमेऱ्याचं वजनच त्याला आवळून धरतं. शाळेतली मुलंसुद्धा दप्तराला—"

"माझं दप्तर आई बांधायची," तो म्हणाला. आणि हसला. हसताना त्याने मान किंचित डावीकडे वळवली, उजवा कान पुढे करून, जणू तिचं पुढचं वाक्य निसटू द्यायचं नव्हतं.

टाचणीने पिशवी उचलली. दुकानाचा पत्ता तिने का सांगितला, हे तिने स्वतःला पुढे बराच वेळ विचारलं. गिऱ्हाईक म्हणून, असं उत्तर तिने देऊन ठेवलं.

*

तो दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर झाला. तडे गेलेले पूल दुरुस्त करणाऱ्यांसाठी तो पुलांचे फोटो काढत असे. खालून, बाजूने, कधी कठड्याला लटकून. हे कळल्याबरोबर आत्याने त्याचं नाव 'पूलवाला' ठेवूनही टाकलं. आत्या नावं ठेवण्यात पटाईत. तोंडात टाचण्या धरून बोलणाऱ्या भाचीची टाचणी तिनेच केली होती.

"ठेवून जा," आत्या म्हणाली. "संध्याकाळी तयार."

"नको. मला शिकवा," तो म्हणाला. "मी जिथे जातो तिथे पट्टा सुटला तर हाकेच्या अंतरावर माणूस नसतो, बॅगांचं दुकान कुठलं? माझा मलाच बांधता यायला हवा. आणि मला तो लांब करायचाय. गळ्यात नको, तिरपा हवा. उजव्या खांद्यावरून, कॅमेरा डाव्या कमरेला."

टाचणीने मान वर केली. "तुम्ही डावरे आहात?"

"नाही."

"मग उजव्या कमरेला हवा. हात खाली गेला की कॅमेरा हातात. डावीकडे ठेवलात तर दर वेळी पोटावरून हात न्यावा लागेल."

"तरी डावीकडेच."

"का पण?"

"सवय."

पट्टा नवीन, सवय कुठली? टाचणीच्या डोक्यात किडा वळवळला तो तिथेच. तिला कारण न सांगता कोणी काही केलं की तिचा जीव खालीवर व्हायचा. लहानपणी तिने घड्याळं उघडून ठेवली होती, आत्याच्या शिलाई मशीनचं पोट उकललं होतं. आता हा माणूस समोर, आणि याला उघडायचं कसं?

शिकवणी सुरू झाली. जाड विणीची सुती पट्टी, मेणाचा हात दिलेला दोरा, भोकं पाडायची आरी, जाड सुई. पट्टा लांब करायला दोन पट्ट्या एकावर एक ठेवायच्या, चौकोन शिवायचा, चौकोनात फुली मारायची; टोकं मात्र नुसती बक्कलातून ओवायची, म्हणजे पट्टा कमीजास्त करता येतो. तो स्टूल घेऊन बसायचा आणि बसण्याआधी दर वेळी ते स्टूल उचलून तिच्या डाव्या हाताला न्यायचा. एकदा तिने आधीच दुसऱ्या बाजूला ठेवलं, तर त्याने सगळी रिळं ओलांडत ते परत नेलं. हीसुद्धा सवयच असणार!

"शिकवलेलं सगळं विसरता कसे तुम्ही?" ती त्याचा वाकडा चौकोन उसवत म्हणायची. "कालही हेच."

"शिकवणारी नीट दिसते, त्यामुळे शिकवलेलं नीट दिसत नाही."

"गप्प बसा. सुई बोटात जाईल."

"गेलीच आहे कधीची..."

पलीकडे आत्या मोठ्याने खोकायची. तिला खोकला अजिबात नव्हता.

एक गोष्ट मात्र त्याने चटकन उचलली. बक्कल जिथे बसतं त्याला लागून पट्टीवर लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा. कॅमेरा खांद्यावर घालण्याआधी दर वेळी बघायचं. टाका बक्कलापासून लांब गेलेला दिसला, तर समजायचं पट्टा सरकतोय. "आणि तसं दिसलं तर?" त्याने विचारलं. "तर टोक पट्टीलाच शिवून टाकायचं, तिथल्या तिथे," असं म्हणून तिने दोरा ओवलेली एक सुई त्याच्या पिशवीत टोचून दिली.

त्या दुकानाचा एक नियम होता. कोणताही पट्टा इस्त्रीची परीक्षा दिल्याशिवाय बाहेर पडायचा नाही. पोटात निखारे घालायची जुनी लोखंडी इस्त्री, दगडासारखी जड. नवा पट्टा आढ्याच्या हुकाला टांगून त्याला ती अडकवायची आणि रात्रभर सोडून द्यायची. सकाळी इस्त्री होती तिथेच असली, तर पट्टा पास. पूलवाल्याचा पट्टा पास झाला त्या दिवशी आत्याने त्याची पाठ थोपटली, आणि त्याने सांगितलं की उद्या तो निघणार. नदीच्या वरच्या अंगाचे सगळे पूल बघायचे होते.

"परत कधी?" आत्याने विचारलं.

"पूल संपले की."

नदी लांब होती. टाचणीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून ठेवल्या.

संध्याकाळी आत्या आत गेल्यावर तिने पट्टा त्याच्या अंगावर घालून पाहिला. कॅमेरा डाव्या कमरेला बरोबर बसला. ती त्याच्या डाव्या खांद्याशी उभी राहून बक्कल सारखं करत होती. इतकी जवळ, की त्याच्या शर्टाला आलेला पावसाचा वास तिला येत होता. तिने मान वर केली नाही. बक्कलाकडेच बघत ती अगदी हळू म्हणाली, "गेल्यावर... माझी आठवण येईल तुम्हाला?"

तो समोर बघत होता. हुकाजवळच्या इस्त्रीकडे बघतच म्हणाला, "ही इस्त्री किती जुनी असेल हो?"

टाचणीचा हात बक्कलावरच थांबला. तिला रडू आलं नाही, आला तो संताप, तोही स्वतःचाच. विचारायला कोणी सांगितलं होतं? "आत्याला माहीत," ती म्हणाली. "पट्टा काढून ठेवा. शेवटचा हात फिरवते, सकाळी घेऊन जा."

तो गेल्यावर तिने शेवटचा हात फिरवला. राग होता, पण बाहेर पाऊसही होता, आणि त्या माणसाला दिवसभर पावसात उभं राहायचं होतं. तिने मेणाचा गोळा घेऊन सगळ्या पट्ट्याला चोळून चोळून मेण लावलं, चांगल्या बॅगांच्या पट्ट्यांना लावत तसं. पाणी वरच्यावर निथळून जावं म्हणून. उरलेल्या तुकड्यालाही लावलं, त्याला एक बक्कल घातलं आणि हुकाला टांगून इस्त्री अडकवली. हा तुकडा कोणासाठी, ते तिने ठरवलं नव्हतं.

*

सकाळी ती दुकानात आली तेव्हा इस्त्री जमिनीवर पडली होती. फरशीचा टवका उडाला होता. तुकडा धड होता, बक्कल धड होतं. पट्टी मात्र बक्कलातून सुळकन निघून आली होती.

टाचणीने ती बोटांत धरली, आणि बोटंही घसरली.

मेण! बॅगेचा पट्टा दोन्ही टोकांना शिवलेला असतो, त्याला मेण लावलं की तो टिकतो. इथे टोकांना शिलाई कुठे होती? कॅमेरा लोंबायचा तो निव्वळ बक्कलाच्या पकडीवर, आणि पकड टिकायची ती पट्टीच्या खरखरीतपणावर. तो खरखरीतपणाच तिने स्वतःच्या हाताने प्रेमाने पुसून टाकला होता. तेही परीक्षा झाल्यानंतर.

"आत्या, पट्टा कुठाय?"

"पूलवाला मघाशीच घेऊन गेला. आपल्या पुलाचे शेवटचे फोटो काढायचेत म्हणाला, मग— अगं, छत्री!"

छत्री कोण घेतंय! ती धावत सुटली. वाटेत तिला एकच दिसत होतं, कठड्यावरून वाकलेला तो, आणि सुटलेला पट्टा पकडायला खाली झेपावणारा त्याचा हात. कॅमेरा गेला तर गेला. पण हा वेडा माणूस कॅमेऱ्यासाठी कुठवर वाकेल याचा नेम नव्हता.

तो पुलाच्या मधोमध होता. कठड्यावर वाकलेला, त्याची डावी बाजू तिच्याकडे.

"अहो!" ती ओरडली. "ऐका ना! थांबा!"

त्याने वळून पाहिलं नाही. ती धापा टाकत आणखी जवळ आली आणि पुन्हा ओरडली. आता तर मधे चार हातांचंही अंतर नव्हतं. तो शांतपणे भिंग पुसत होता.

टाचणी थांबली. पहिल्या दिवशीही असंच झालं होतं. ते स्टूल... वळवलेली मान... पुढे केलेला उजवा कान... आणि काल संध्याकाळी ती कोणत्या बाजूला उभी होती?

ती त्याच्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला आली आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "पट्टा बघू."

तो तत्काळ वळला. "टाचणी!"

असं त्याने आजवर कधी म्हटलं नव्हतं. पण तिचं लक्ष पट्ट्याकडे होतं. लाल टाका बक्कलापासून चांगला बोटभर लांब गेला होता. आणि पलीकडे टोक मागे दुमडून पट्टीलाच शिवलेलं होतं. दोन्ही टोकं. नेटका चौकोन, आत सरळ फुली.

"हे कोणी शिवलं?"

"मीच."

"वाटत नाही."

"निघताना टाका बघितला तर सरकलेला. सुई होतीच बरोबर." त्याने खाली नदीकडे पाहिलं. "बघितला नसता तर एव्हाना गेला असता."

"मेण मी लावलं," ती म्हणाली. "पावसासाठी. बक्कलाचा विचारच केला नाही. चूक माझी आहे..." मग तिला काहीतरी खटकलं. तिने पुन्हा तो चौकोन पाहिला. "थांबा जरा. इतकं सरळ शिवता येतं तुम्हाला? मग दुकानात रोज मी काय उसवत होते?"

तो मानेपासून कानापर्यंत लाल झाला.

"कधीपासून येतं?"

"पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. "जमलं असतं तर दुसऱ्या दिवशी कशाला बोलावलं असतं तुम्ही?"

टाचणीला हसू आवरेना. रागावायचं होतं, पण ते जमेना. पावसाचे थेंब तिच्या नाकावरून ओघळत होते आणि तो ते पुसायला हात पुढे करून मधेच थांबला होता.

"आता खरं सांगा. कॅमेरा डावीकडे का?"

"हा कान लहानपणी तापात गेला." त्याने डाव्या कानाला बोट लावलं. "कॅमेरा उजव्या कमरेला असला की सोबतच्याला लागतो, मग ते माणूस लांबून चालतं. लांबून चाललं की मला अर्धं ऐकू येतं. म्हणून ती बाजू मोकळी ठेवायची."

"कोण चालतं सोबत?"

"अजून कोणी नाही. पण जागा केलीय..."

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं की लोक मोठ्याने बोलायला लागतात. तू हळू बोलतेस. मला ते तसंच हवं होतं."

तो 'तू' म्हणाला होता. दोघांनीही तिकडे लक्ष नसल्यासारखं केलं.

"काल मी त्या बाजूने काहीतरी विचारलं होतं," टाचणी म्हणाली.

"काय? इस्त्रीचं?"

"इस्त्रीचं नाव काढू नकोस." ती त्याच्या उजव्या खांद्याला हात टेकून टाचा उंचावून उभी राहिली, आणि कालचा प्रश्न तिने त्याच्या कानात, कालच्याइतक्याच हळू आवाजात, पुन्हा विचारला.

त्याने डोळे मिटून तो ऐकला. "येईल," तो म्हणाला. "इतकी, की मी मधले पूल सोडून परत येईन. पण ते पडायला आलेत गं, सोडता येणार नाहीत."

"सोडू नकोस. मी आहे."

ती त्याच्या उजवीकडून चालू लागली. मधे काहीच येत नव्हतं. पुलाच्या टोकाला त्याची गाडी यायची होती, म्हणून दोघंही मुद्दाम रेंगाळत होते.

"तुझ्या दुकानातल्या हुकाला एक पट्टा टांगून ठेव," तो म्हणाला. "मी आलो की इस्त्री मीच उतरवणार."

"आणि तोवर पडली तर?"

"मेण लावू नकोस," तो म्हणाला, आणि तिने त्याचा हात धरला.